लाल शेऱ्यांची डायरी

'मावशी, माझा मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. वर्गात जागेवर बसत नाही, फळ्यावरचं अर्धंच उतरवतो. डायरीत रोज लाल शेरा. शाळेच्या काउन्सेलर एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) तपासणी करून घ्या म्हणाल्या, बाई म्हणाल्या दुसरी शाळा बघा. सासूबाईंचं म्हणणं, मोबाइल दिला की तासभर हलत नाही, मग याला कसला आजार? नवरा म्हणतो, मीही असाच होतो. परवा अभ्यासाला बसवताना मी त्याला पट्टीने मारलं.'
— एक आई, कासारवडवली

अगं, पट्टीचं तू अगदी शेवटी लिहिलंस, पण पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं असणार. चुकलंच ते, आणि तुला ते कळलंय. त्याला जवळ घेऊन तसं सांग, म्हणजे झालं.

सासूबाईंचा प्रश्न मात्र रास्त आहे. मोबाइलच्या खेळात क्षणाक्षणाला काहीतरी उडतं, वाजतं, पॉइंट मिळतात; लक्ष आपोआप खेचलं जातं. फळ्यावरच्या पाच ओळी उतरवताना ते आपलं आपण धरून ठेवावं लागतं. एडीएचडी असलेल्या मुलांचं घोडं तिथेच अडतं. आणि नवऱ्याला म्हणावं, 'मीही असाच होतो' हे डॉक्टरांना नक्की सांगा. एडीएचडी बरेचदा घराण्यातून येते, त्यामुळे हे वाक्य तपासणी टाळायला नाही, तपासणीतच कामाला येईल.

या तपासणीत रक्त काढून किंवा स्कॅन करून निदान होत नाही. लक्षणं किमान सहा महिन्यांची आहेत का, आणि घर-शाळा अशा निदान दोन ठिकाणी दिसतात का, हे बघतात. डोळे, कान, झोप यांचीही चौकशी होते. म्हणून ती डायरी रागाने फाडू नकोस, सोबत घेऊन जा. बाईंचे लाल शेरे तिथे पुरावा म्हणून उपयोगी पडतील! बालमानसोपचारतज्ज्ञ गाठ. ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी 1990 पासून काम करणारी आयपीएच संस्था आहे, तिथेही विचारून बघ. औषधाचं नाव निघालं तर घाबरू नकोस. भूक कमी होते, कधी झोप उडते, म्हणून डॉक्टर वजन-उंचीवर लक्ष ठेवतात. तो निर्णय त्यांच्याशी बोलून घ्या, सोसायटीच्या ग्रुपवर नको.

संध्याकाळचं बोलू. घोडबंदर रोडचा ट्रॅफिक काढून तू घरी येणार साडेसातला, आठला वही उघडणार. तोवर तूही संपलेली, तोही. अभ्यास पाच वाजता, खाली खेळून आल्यावर, आजीकडे जाऊ दे. दहा मिनिटं बसायचं, मग उठून पाणी पिऊन यायचं, पुन्हा दहा. 'दप्तर भर' हे आपल्याला एक काम वाटतं. त्यात वेळापत्रक बघणं, वह्या शोधणं, पेन्सिलीला टोक काढणं, डबा, बाटली, अशी पाच कामं असतात, आणि तिसऱ्यापाशी त्याला ग्रिलवरचं कबुतर दिसतं. एक काम सांग, ते झालं की दुसरं. झालेल्या कामाला तिथल्या तिथे शाबासकी दे. रविवारी आइस्क्रीम मिळेल, हे त्याच्यासाठी फार लांब आहे. आणि डायरी रात्री बाबांना वाचून दाखवायची ती तो झोपल्यावर.

राहिली शाळा. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्यानुसार आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही (अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना तो लागू नाही). पण कायदा सध्या पर्समध्येच राहू दे. एवढा मोठा वर्ग सांभाळणाऱ्या बाईही वैतागलेल्या असतात, पहिल्याच भेटीत कलम दाखवलंस तर त्या दार लावून घेतील. दोनच गोष्टी माग: खिडकीपासून लांबचा पहिला बाक, आणि वर्गाच्या वह्या गोळा करायचं काम. नाहीतरी तो उठणारच आहे, कामासाठी उठू दे.

तपासणीची तारीख मिळाली की कळव.