सांगलीत राहून लोगो डिझाइन शिकताना फोटोशॉप पुरेसे आहे का?

लोगोसाठी फोटोशॉप पुरेसे नाही. त्यातील चित्र प्रामुख्याने पिक्सेलांचे (बारीक रंगीत ठिपक्यांचे) बनलेले असल्यामुळे मोठे करताच त्याच्या कडा फाटतात, तर इलस्ट्रेटर, कोरलड्रॉ किंवा विनामूल्य मिळणारे इंकस्केप यांत रेषा गणिती वक्रांच्या रूपात साठवल्या जातात आणि तोच लोगो व्हिजिटिंग कार्डावर व होर्डिंगवर सारखाच स्वच्छ उमटतो. छापखान्यांत कोरलड्रॉचा वापर बराच असल्याने त्याची तोंडओळख असू द्या.

सरावासाठी सांगलीच्या हळदीचा विषय घ्या. तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. एखाद्या काल्पनिक हळद व्यापाऱ्यासाठी असा लोगो करा, जो पोत्यावर एकाच रंगात छापला तरी ओळखू येईल. म्हणून आरंभ कागद-पेन्सिलीने आणि केवळ काळ्या-पांढऱ्यात करावा. रंग व ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू मिसळणारी छटा) आधी आले की आकारातील दुबळेपणा झाकला जातो, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

देवनागरी अक्षरांकडे विशेष लक्ष द्या. २०१० मध्ये स्वीकारलेले डी. उदय कुमार यांचे रुपयाचे चिन्ह पाहा: देवनागरी 'र' आणि उभा दांडा नसलेला रोमन 'आर' एकाच आकारात सामावले आहेत, आणि वरची रेघ शिरोरेषेचे काम करते. मुक्त परवान्याचा 'मुक्त' हा फॉन्ट सरावाला चांगला आहे. छापखान्याला फाइल देण्यापूर्वी मात्र अक्षरांचे कर्व्हमध्ये (म्हणजे फॉन्टवर अवलंबून नसलेल्या वक्र आकारांत) रूपांतर अवश्य करा, अन्यथा तेथे तो फॉन्ट नसल्यास जोडाक्षरे विस्कटतात.