वाचकांचे प्रश्न : जुन्या तिफणीला नवा फण, जुन्या पेरणी यंत्राला नवी चक्री

प्रश्न : आमच्या घरी आजोबांच्या काळातील बाभळीची तिफण (बैलांनी ओढायचे तीन फणांचे पेरणीचे अवजार) आहे आणि ट्रॅक्टर जात नाही अशा चढाच्या तुकड्यावर आम्ही आजही तिनेच पेरतो. गेल्या वर्षी मधला फण मोडला म्हणून सुताराकडून नवा करून घेतला, त्याच वेळी बांबूच्या नळ्या काढून मऊ प्लास्टिकच्या नळ्या लावल्या. तेव्हापासून मधली ओळ उशिरा उगवते आणि कडेच्या दोन्ही ओळींत नांग्या, म्हणजे रोप नसलेल्या रिकाम्या जागा, पडतात. चाड्यावर (ज्यातून बी नळ्यांत सोडतात त्या वाटीसारख्या भागावर) मूठ धरणारा हात तोच आहे. मग दोष कशात असावा?
— एक वाचक, जि. हिंगोली

उत्तर : हे दोन वेगवेगळे दोष आहेत, म्हणून त्यांचा विचारही वेगळा केला पाहिजे. मधली ओळ उशिरा उगवते, याचा अर्थ तेथे बी खोल पडते. कडेचे दोन फण इतक्या वर्षांच्या पेरणीत झिजून आखूड झालेले असणार आणि सुताराने नवा फण मात्र मूळ लांबीचा केला असणार. तिफण सपाट फरशीवर उभी करावी आणि कडेच्या दोन फणांच्या टोकांना टेकेल अशी दोरी ताणून धरावी. मधले टोक दोरीच्या खाली किती जाते, हे लगेच दिसेल. एवढ्यासाठी नवा फण तासू नये. पाचर सैल करून तो दिंडात (फण बसवलेल्या आडव्या लाकडात) तेवढाच वर घ्यावा आणि पाचर पुन्हा ठोकावी. वर घेण्यास जागा नसेल, तर कडेच्या फणांची लोखंडी टोके लोहाराकडून भरून घ्यावीत. दोन फणांमधील अंतरही दिंडाजवळ न मोजता जमिनीला टेकणाऱ्या टोकांजवळ मोजावे, कारण फण किंचित तिरका बसला तरी वर न दिसणारा फरक खाली ओळीत दिसतो, आणि पुढे तण काढायचे कोळपे त्या ओळींतून सरळ चालत नाही.

नांग्यांचे कारण नळ्यांत आहे. मधली नळी जवळजवळ सरळ खाली उतरते, कडेच्या नळ्या मात्र तिरप्या असतात. मऊ प्लास्टिक उन्हात सैल होऊन मध्येच झोळ देते, त्या झोळात बी क्षणभर अडते आणि मग एकदम घोळक्याने पडते. त्यामुळे एका ठिकाणी चार रोपे आणि पुढे हातभर जागा रिकामी, असे चित्र तयार होते. आमच्या मते बांबूची नळी अजूनही सरस आहे, मात्र आतील पेरांचे पडदे तापवलेल्या सळईने पूर्ण जाळून भोक गुळगुळीत केलेले असावे. प्लास्टिकच हवे असेल तर कडक पाइप घ्यावा आणि तो चाड्याच्या व फणाच्या भोकात असा बसवावा, की जोडावर आतल्या बाजूस कडा उरणार नाही. नवा फण ज्या लाकडाचा केला ते ओले होते काय, याचीही सुताराकडे चौकशी करावी. ओली बाभूळ वाळताना आकसते आणि ऐन पेरणीत फण खिळखिळा होतो.

प्रश्न : साधारण तीस वर्षांपूर्वीचे पाच फणांचे ट्रॅक्टरचलित पेरणी यंत्र मी जुन्या बाजारातून घेतले. ते बनवणारा कारखाना बंद झाला आहे. रोलरच्या दांड्यावरची 14 दात्यांची चक्री झिजली होती. बाजारात 12 दात्यांची मिळाली, ती बसवली. बियाणे लोटणारे खाचांचे रोलरही नवे टाकले. एकरी 30 किलोप्रमाणे सहा एकरांसाठी घेतलेले सोयाबीन पाच एकरांतच संपले, शिवाय बरेच दाणे फुटलेले दिसले.
— एक वाचक, जि. वाशीम

उत्तर : चक्रीचा हिशेब सरळ आहे. चालवणारी चक्री तीच राहिली आणि दांड्यावरचे दाते 14 चे 12 झाले, तर चाकाच्या तेवढ्याच फेऱ्यांत दांडा सुमारे 17 टक्के जास्त फिरतो. 30 किलोच्या जागी 35 किलो पडले, म्हणजे 180 किलो बियाणे पाच एकरांच्या थोडे पुढेपर्यंतच पुरणार. 14 दात्यांचीच चक्री मिळवावी आणि साखळीही तपासावी. अर्धा इंच पिचच्या (लगतच्या दोन पिनांमधील अंतराच्या) साखळीचे 24 दुवे बरोबर 12 इंच भरले पाहिजेत. ते 12 इंच 1 सूत (इंचाचा आठवा भाग) भरले, तर साखळी बदलावी, नाहीतर ती नवी चक्री लवकरच खाऊन टाकील.

दाणे फुटण्याचे कारण नव्या रोलरच्या धारदार कडा किंवा रोलरखालची अपुरी फट, यांपैकी एक किंवा दोन्ही असू शकते. सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते. गव्हाला चालणारी फट त्याला चालत नाही. रोलरच्या कडा बारीक पॉलिश कागदाने मोडाव्यात आणि फट वाढवावी. पाचही रोलर एकाच मापाचे असावेत. तीन नवे आणि दोन जुने अशी मिसळ केली, तर प्रत्येक ओळीत बियाणे वेगळे पडते.

त्यानंतर यंत्र शेतात नेण्यापूर्वी अंगणातच मोजून घ्यावे. समजा, दोन ओळींतील अंतर 45 सेंमी आहे, म्हणजे पाच फणांची रुंदी 2.25 मीटर झाली. चाकाचा घेर 1.5 मीटर असेल, तर 30 फेऱ्यांत एक गुंठा पेरला जातो. यंत्र उचलून ठेवावे, प्रत्येक नळीखाली पिशवी बांधावी आणि चाक हाताने 30 वेळा फिरवावे. एकरी 30 किलोसाठी एकूण 750 ग्रॅम, म्हणजे प्रत्येक पिशवीत 150 ग्रॅम बियाणे आले पाहिजे. आपल्या चाकाचा घेर वेगळा असेल तर फेऱ्या त्या हिशेबाने काढाव्यात. ओल्या रानात चाक थोडे घसरते, म्हणून शेतात दहा फेऱ्यांत यंत्र प्रत्यक्ष किती मीटर पुढे जाते, तेही एकदा टेपने मोजावे.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. इतकी जुनी यंत्रे अनेकदा इंची मापाची असतात आणि आज दुकानात मिळणारे भाग मिलिमीटरचे. एक इंची दांडा 25.4 मिमीचा असतो, त्यावर 25 मिमीचे बेअरिंग बसत नाही म्हणून दांडा घासून बारीक करणारे बरेच भेटतात. तसे करू नये; घासलेला दांडा गोल राहत नाही आणि बेअरिंग हंगामाच्या मध्यावर जाते. अर्धा इंची भोकात 12 मिमीचा बोल्टही टाकू नये. तो पाऊण मिलिमीटरने सैल असतो आणि हादऱ्याने भोक लंबगोल करतो. दुकानात जाताना व्हर्निअरने घेतलेले माप आणि जुना भाग, दोन्ही सोबत न्यावीत.

प्रश्न : जुन्या पेरणी यंत्राच्या पेटीला आधार देणारा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) ब्रॅकेट तडकला आहे. वेल्डिंग करावे, की तोच नमुना देऊन नवा ओतून घ्यावा?
— एक वाचक, जि. जळगाव

उत्तर : साध्या रॉडने वेल्डिंग केल्यास बीड जोडाच्या शेजारी पुन्हा तडकते. निकेलचा रॉड वापरणारा, भाग आधी तापवून नंतर राखेत सावकाश थंड होऊ देणारा कारागीर मिळाला, तर जोड टिकतो; पितळेचा डागही चालतो. नवा ओतून घ्यायचा असेल, तर बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, हे ध्यानात ठेवावे. जुनाच तुकडा साच्यात दाबला, तर 20 सेंमी लांबीत 2 मिमीची घट येईल आणि बोल्टची भोके जुळणार नाहीत. म्हणून भोके ओतीव न ठेवता भाग भरीव घ्यावा, बेअरिंगच्या बैठकीला खरादावर कातण्यापुरते जादा लोखंड ठेवावे आणि भोके शेवटी यंत्रावर लावून पाडावीत.