बागेवर कर्ज काढण्याआधी लेकीला विचारलंत का?

पत्र: मुलगी गेल्या वर्षी बी.फार्म. झाली, ६८ टक्के. कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झालंय, मिरजेत एका हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये काम करते. पगार तुटपुंजा. सांगलीतले कन्सल्टंट म्हणतात, लंडनला एक वर्षाचं एम.एस्सी. केलं की फार्मासिस्ट म्हणून लागेल. द्राक्षबागेवर कर्ज काढायची तयारी आहे. तिचं बस्तान बसलं की धाकट्यालाही नेईल. ती मात्र गप्प असते. तिला चार शब्द सांगा. (एक पालक, तासगाव)

नमस्कार. चार शब्द तुम्हालाच सांगतो, राग मानू नका.

तुमच्या पत्रात बाग आहे, कन्सल्टंट आहे, धाकटा आहे. लेकीविषयी मात्र एवढंच, की ती गप्प असते. दिवसभर दुसऱ्यांच्या औषधांचे डोस तपासून देणारी मुलगी स्वतःच्या आयुष्याचा विषय निघाला की बोलत नाही, याची मला काळजी वाटते. ६८ टक्क्यांची नाही. तिला जायचंही असेल. पण एका अवकाळी पावसानं बागेचं काय होतं, हे ती तुमच्याच घरात बघत वाढली आहे. त्याच बागेचे हप्ते आणि वर भावाला नेण्याची जबाबदारी डोक्यावर घेऊन परक्या देशात परीक्षेला बसायचं, म्हणजे नापास व्हायची सोयच नाही. आणि ब्रिटनच्या नोंदणी परीक्षेला संधी तीनच मिळतात.

आता कन्सल्टंटचं म्हणणं. ते साफ चूक आहे. तिथलं फार्मास्युटिक्स किंवा फार्माकॉलॉजीचं एम.एस्सी. ही पदवी आहे, परवाना नाही. परवाना ब्रिटनची जनरल फार्मास्युटिकल कौन्सिल देते आणि आपल्याकडून गेलेल्या फार्मासिस्टसाठी तिनं मान्य केलेला अभ्यासक्रम वेगळा आहे, ओस्पॅप नावाचा. तो मोजक्याच विद्यापीठांत चालतो. त्याचं एक शैक्षणिक वर्ष, मग ५२ आठवडे देखरेखीखाली प्रशिक्षण, मग ती नोंदणी परीक्षा. आयईएलटीएस अकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेच्या चारही भागांत किमान ७ लागतात. एम.एस्सी. झालं म्हणून यातलं काहीच माफ होत नाही. कर्ज डोक्यावर असताना ओस्पॅपपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. कन्सल्टंटला एवढंच म्हणा, ‘हा कोर्स ब्रिटनच्या कौन्सिलच्या मान्य यादीत आहे, असं लेखी द्या.’ देणार नाहीत.

बाकी देशांचं थोडक्यात. अमेरिकेत २००३ पासूनच्या पदवीधरांना फार्मसीचा किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, आपलं बी.फार्म. चार वर्षांचं. कॅनडात पीईबीसी या फार्मसी परीक्षा मंडळाच्या परीक्षा आणि नंतर प्रांताचा परवाना. आखाताकडे आधी कामाचा अनुभव विचारतात, तो ती मिरजेत मिळवतेच आहे.

बागेचे कागद बँकेत नेऊ नका. एखाद्या संध्याकाळी तिला घेऊन बसा. तिची आई असू दे, काका-मामा नकोत, आणि धाकट्याचं नावही काढू नका. तिला जायचं असेल तर आधी इथूनच आयईएलटीएस देऊ दे, त्याला बाग गहाण टाकावी लागत नाही. मिरजेची नोकरी आणि इथल्या कौन्सिलची नोंदणी दोन्ही चालू ठेवू दे. बाहेर अर्ज करताना दोन्ही विचारतात.

पुढचं पत्र तिला लिहू दे, तुम्ही न वाचता पाठवा. ‘मला जायचंच नाही’ असं त्यात असलं, तरी मी तिला उत्तर देईन.