गावाजवळ ना बाग ना जंगल. साडेतीन वर्षांच्या मुलीला निसर्ग कसा शिकवू?

तुम्ही धुळ्याजवळ राहता, आसपास फक्त शेतं, म्हणून विचारताय की मुलीला न्यायचं तरी कुठे. मी चोपडा तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. माझं सांगणं एवढंच, लांब नेऊ नका, पण एकाच जागी पुन्हा पुन्हा न्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली होती. एका दिवसाच्या सहलीतून या वयाला गाडी आणि खाऊच लक्षात राहतो.

मागच्या भादव्यात बांधालगतच्या कपाशीवर फिकट पिवळसर फूल उमललं होतं. शेतकरी दादांना विचारून पोरांच्या हातानं त्याच्या देठाला लाल दोरा बांधला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर दोऱ्याचं फूल गुलाबी! चार वर्षांची एक पोर बराच वेळ फुलाला नाक लावून उभी राहिली, मग म्हणाली, "ताई, हाई तेच फूल शे का?" मी काही बोलले नाही, दोऱ्यावर बोट ठेवलं. कपाशीचं फूल असंच असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग सुकून गळतं. मागे हिरवं बोंड धरतं, त्याला आमच्याकडे कैरी म्हणतात. पोरं अधूनमधून त्या दोऱ्याला भेटायला जायची. दिवाळीच्या सुमारास कैरी उकलली, तेव्हा प्रत्येकानं कापसात बोट घालून आतली सरकी चाचपली.

एक मात्र कटाक्षानं पाळा, फवारणी झालेल्या शेताकडे फिरकू नका आणि परत आल्यावर साबणानं हात धुवा.

शेतात जाणं जमत नसेल तर दारचा निंब पुष्कळ झाला. तांबूस पालवी, मग मोहर, मग निंबोळ्या. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत घरी या, आपल्याकडचं ऊन लेकरांना सोसत नाही. वीस मिनिटं पुरतात.

मुलगी फुलापानांची नावं अहिराणीत घेईल तर घेऊ द्या, तिथल्या तिथे सुधारू नका. आणि पहिल्या पावसानंतर मातीत लाल मखमली मृगाचा किडा दिसला, तर उचलून डबीत भरू नका. तिच्याबरोबर जमिनीवर बसा आणि तो कुठे जातो ते बघा.