तपासलेल्या डोळ्याला घड येत नाही

पत्र : मॅडम, मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. अडीच एकर बाग आहे. मुलगी सांगलीत हॉस्टेलला राहून नीटची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी करते. बारावीच्या वर्षी, २०२४ ला, तिला ५७१ पडले. रिपीट केलं तर २०२५ ला ४८९ वर आली. ८२ मार्क कमी. आता मे महिन्यात तिसऱ्यांदा देणार. मी रोज रात्री साडेनऊला फोन करतो, टेस्टचे मार्क विचारतो आणि बागेच्या औषधाच्या वहीत मागच्या पानांवर लिहून ठेवतो. दिवाळीपासून पोरगी फोनवर ‘हो’, ‘नाही’, ‘ठेवू का’ एवढंच बोलते. तिची आई म्हणते, तुम्ही तिच्या डोक्यावर बसलाय. कीर्तनात ऐकतो की कर्म करावं, फळाची अपेक्षा धरू नये. पण मॅडम, फळाची अपेक्षा न धरता द्राक्षबाग कोण लावतं का? यंदा मे पासून पावसानं सोडलं नाही, निम्म्या वेलींना घडच नाहीत. बाग गेली तर गेली, पोरीचं तरी व्हावं. मी लक्ष द्यायचं सोडून देऊ का? ते जमायचं नाही मला. दोन्ही वर्षांच्या निकालाच्या झेरॉक्स जोडल्यात.

उत्तर :

दादा, नमस्कार.

लक्ष द्यायचं सोडू नका. ज्या बापाला लेकीच्या टेस्टचे मार्क तारखेवार पाठ आहेत, त्याला ‘तिकडं बघूच नका’ असं सांगणं मला शोभणार नाही, आणि ते खरंही नाही. मला बोलायचंय ते तुमचं लक्ष कुठं लागलंय याबद्दल.

पण आधी त्या झेरॉक्स. तुम्ही ८२ मार्क कमी झाले म्हणून लिहिलंय, आणि पत्राच्या सुरावरून वाटतं की गेल्या जूनमध्ये तुम्ही तिलाही ते बोलून दाखवलं असणार. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि गुणांच्या खाली अखिल भारतीय क्रमांक छापलाय तो बघा. तो सुधारलाय, दादा. दुसऱ्या वर्षी तुमची मुलगी पुढं गेली.

हे कसं झालं ते सांगते. २०२४ च्या पहिल्या निकालात ७२० पैकी ७२० मिळवणारी ६७ मुलं होती. त्या वर्षी ६०० गुण मिळवणाऱ्याचा क्रमांक ऐंशी हजारांच्या आसपास लागत होता. २०२५ ला पेपरची रचना बदलली. जादा पर्यायी प्रश्न गेले, वरची वीस मिनिटं गेली, १८० प्रश्न आणि १८० मिनिटं राहिली. त्यात फिजिक्सचा पेपर असा आला की वर्गात पहिली येणारी पोरंही रडत बाहेर पडली. देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ होते, आणि ६०० च्या वर गेलेले सगळ्या देशात मिळून चौदाशेसुद्धा नव्हते. म्हणजे तोच ६०० चा आकडा एका वर्षी ऐंशी हजारावा आणि दुसऱ्या वर्षी पहिल्या दीड हजारांत. मापच बदललं. तुम्ही मात्र दोन वर्षांचा माल एकाच काट्यावर घातला आणि पोरीला सांगितलं, तुझं वजन घटलं.

हे तुमच्या लक्षात आलं नाही यात दोष नाही. पालकच काय, क्लासवालेही निकालाच्या आठवड्यात गुणांचेच बोर्ड लावतात. पण आता कळलंय तर तिला सांगा. फोनवर नको, समोर बसून. “मला वाचता आलं नव्हतं, तू पुढं गेली होतीस,” एवढं बास. तिला हे बहुधा आधीच माहीत आहे. बापाला माहीत नाही, याचंच तिला वाईट वाटत असणार.

आता तुमच्या फोनचं.

तुम्ही ऑक्टोबर छाटणीच्या आधी काडी तपासून घेताच. चार-दोन वेलींच्या काड्या लॅबमध्ये न्यायच्या, डोळ्याचा (काडीवर फुटवा जिथून येतो त्याचा) काप घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं की आत घड तयार झालाय का, आणि मग कितव्या डोळ्यावर छाटायचं ते ठरवायचं. तपासणी चांगलीच आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण जो डोळा कापून बघितला, त्यातून घड येत नाही. म्हणून तर तुम्ही बागेतल्या मोजक्याच काड्या नेता. बाकीच्या बागेवर तुम्हाला विश्वास ठेवावा लागतो. एप्रिलातल्या खरड छाटणीनंतर घड डोळ्यात तयार होत असतो, तो बाहेरून दिसत नाही. त्या काळात तुम्ही पाणी, खत, फेलफूट (नको असलेले फुटवे) काढणं हे सगळं करता, पण डोळा उकलून बघत नाही.

रात्री साडेनऊचा फोन म्हणजे रोज एक डोळा कापणं आहे. दिवसभर अभ्यास करून जे काही तिच्या आत जमत असतं, ते जमायच्या आधीच तुम्ही काप घेता. तिला उत्तर द्यावं लागतं. मार्क कमी असले तर रात्री साडेनऊपासून झोप लागेपर्यंत ती अभ्यास करत नाही, तुमचा आवाज आठवत बसते. चांगले असले तरी उद्याच्या फोनची भीती असतेच. महिन्यातून एकदा तिनं स्वतः दाखवलेली एखादी टेस्ट, तीही कुठला धडा कच्चा राहिला हे कळायला, एवढी तपासणी पुरते. वर्गातल्या शिक्षकांचं ते कामच आहे, ते करतायत.

हे मी तुम्हाला वरून सांगत नाहीये. माझा मुलगा २०१९ मध्ये बारावीला होता. त्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ ची, म्हणजे गावभागात आमच्यासारख्यांच्या घरात काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. पाणी चढत होतं तेव्हा मी दर दहा मिनिटांनी मोबाईलवर पातळी बघत होते. ५१ झाली, ५२ झाली. माझ्या सासूबाई, वय तेव्हा सत्तरीच्या पुढं, तांदळाचा डबा, घराची कागदपत्रं, गॅसची शेगडी एकेक करून माडीवर चढवत होत्या. एकदा जिन्यात थांबून म्हणाल्या, “तू बघितलंस म्हणून पाणी उतरणाराय का गं? ती पुस्तकं घे वर.” मी उठेपर्यंत मुलाच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात पाणी गेलं होतं.

पूर ओसरला, कॉलेज सुरू झालं, आणि मी मुलाशीही तेच करायला लागले. पुरात गेलेले दिवस कॅलेंडरवर लाल पेनानं मोजले. रोज विचारायचे, आज किती झालं, किती राहिलं, टेस्टला किती. डिसेंबरात त्याच्या गादीखाली मला टेस्टचे पेपर सापडले. मला ८१ म्हणून सांगितलेला पेपर ६१ चा होता. असे पाच पेपर. तो खोटं बोलणारा मुलगा नव्हता. मी त्याला खरं सांगायला जागाच ठेवली नव्हती. इतरांच्या आई-बापांना सल्ला देणाऱ्या बाईच्या घरात हे चाललं होतं, आणि त्या दिवशी मला झालेली लाज अजून गेलेली नाही. पुढं २०२० ला कोरोनामुळं सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेशपरीक्षा, लांबत लांबत ऑक्टोबरवर गेली. माझं लाल पेनाचं कॅलेंडर कुठल्या कुठं राहिलं. परीक्षा कधी होणार हेसुद्धा ज्या वर्षी कुणाच्या हातात नव्हतं, त्या वर्षी मी एकेका दिवसासाठी त्याच्याशी भांडले होते.

तुमच्या त्या प्रश्नाकडं येते, फळाची अपेक्षा न धरता बाग कोण लावतं. कुणीच नाही. आणि मी तुम्हाला अपेक्षा सोडा असं सांगणारही नाही. लेक डॉक्टर व्हावी असं वाटतंय तर वाटू द्या, देवापुढं मागा, तिलाही ते माहीत असू द्या. पण यंदा निम्म्या वेलींना घड नाहीत, त्या वेलींचं तुम्ही काय करताय? त्यांचं पाणी तोडलंय का? डाऊनी रोगाची फवारणी करताना घड नसलेली वेल वगळून पुढं जाताय का? नाही. एप्रिलात तिचीही खरड छाटणी करणार, तिलाही शेणखत घालणार. घड जिरला तो पावसानं आणि उन्हाअभावी, हे तुम्हाला कळतं, म्हणून तुम्ही वेलीचा राग धरत नाही. दादा, तुम्ही हे बागेत वर्षानुवर्षं करत आलाय. अपेक्षा पुरती, मेहनत पुरती, आणि माल आला नाही तरी वेलीची निगा तीच. मला वाटतं तुमच्या मुलीला सध्या एवढंच हवंय, की ४८९ पडले तरी आणि ६०० पडले तरी घरी आल्यावर तिच्याकडं बघणारे डोळे तेच असतील. याची तिला खात्री नाही. असती तर ती फोनवर बोलली असती.

तुमचे हात रिकामे राहिले की ते फोनकडं जाणार, हे मला माहीत आहे. म्हणून काम देते. हे काम तिला करता येणार नाही, तुम्हालाच करायचंय. निकालानंतर प्रवेशाची धांदल सुरू झाली की निम्मे पालक तहसील आणि सेतूच्या रांगेत असतात. राज्य कोट्याच्या ८५ टक्के जागांसाठी वय, अधिवास, राष्ट्रीयत्वाचा दाखला लागतो. तुम्ही आरक्षणात येत असाल तर जातीचा दाखला, जात पडताळणी आणि जिथं लागतं तिथं चालू वर्षाचं नॉन क्रिमिलेअर. फी सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला. सगळ्यांवर तिचं नाव दहावीच्या सनदेप्रमाणं, अक्षरन्‌अक्षर तेच आहे ना, ते बघा. आडनावातल्या एका काना-मात्रेवरून अडलेले प्रवेश मी बघितलेत. हे सगळं एप्रिलच्या आधी एका फाईलमध्ये लावून ठेवा. त्या फाईलीबद्दल तिला एकदाच सांगा, “कागदांची काळजी तू करू नको.” हे वाक्य ऐकून ती त्या दिवशी कदाचित काहीच बोलणार नाही. तरी सांगा.

दुसरं काम अवघड आहे. नीटला किती वेळा बसायचं यावर आज बंधन नाही आणि वयाची वरची मर्यादाही काढून टाकली आहे. लोक याला सोय म्हणतात. मला यात मोठा धोका दिसतो, कारण थांबायचं कुठं हे आता घरानंच ठरवायला लागतं, आणि घरं ते ठरवत नाहीत. चौथं, पाचवं वर्ष करणारी मुलं माझ्यासमोर येऊन बसतात, त्यांना स्वतःलाच आठवत नसतं की शेवटचं ‘मला हे हवंय’ असं कधी वाटलं होतं. तेव्हा एका रविवारी एक तास बसा, तिची आई, ती आणि तुम्ही. बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) चालेल का? त्याचा प्रवेशही नीटवरच होतो. नर्सिंगची वेगळी सीईटी आहे, ती द्यायची का? बीएस्सी अ‍ॅग्रीसाठी राज्याची सीईटी द्यायची का? तिचे फॉर्म नीटच्या आधीच बंद होतात, म्हणून हे आत्ताच बघायला हवं. आणि हे तिसरं वर्ष शेवटचं की नाही? उत्तर तिला देऊ द्या. तिला बोलायला वेळ लागला तर मध्ये तुम्ही वाक्य पुरं करू नका. जे ठरेल ते कागदावर लिहा, आणि मे पर्यंत तो विषय परत काढू नका. मागं फिरायची वाट घरच्यांनीच मोकळी ठेवलीय हे कळल्यावर पेपर लिहिताना हात कमी कापतो. हे मी अनेक मुलांकडून ऐकलंय.

एक गोष्ट मात्र थांबून करायची नाही. ती जेवत नसेल, रात्र-रात्र झोपत नसेल, ‘मी नसलेली बरी’ अशा अर्थाचं काहीही बोलली असेल, तर परीक्षा, क्लास, फी सगळं बाजूला. त्याच दिवशी तिच्याजवळ जा आणि डॉक्टरांना दाखवा. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानसचा मोफत नंबर आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठीही तो लावू शकता. बाग, कर्ज आणि लेकीची परीक्षा एकदम डोक्यावर घेऊन तुम्हीही झोपत नसाल, असं तुमचं पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं.

फोनबद्दल तिला आधी सांगून टाका. अचानक बंद केलात तर तिला वाटेल बाबा रागावले. सांगा की रोज करणार नाही, तुला वाटेल तेव्हा तू कर, मी उचलणारच. पहिले काही दिवस साडेनऊ वाजता तुम्हाला चैन पडायचं नाही. त्या वेळेला बागेत चक्कर मारा. रविवारी डबा घेऊन जा, आणि अभ्यासाचं एक अक्षर न काढता तास-दोन तास तिच्याबरोबर घालवा. बोलायला काही सुचलं नाही तर बागेचं सांगा, कुठल्या प्लॉटला घड आहेत, कुठल्याला नाहीत, औषधाचा खर्च किती झाला. तिला ते ऐकायचं असतं. तुम्ही तिच्यापासून ते लपवताय असं पत्रावरून दिसतं, आणि तीही तिचे मार्क तुमच्यापासून लपवत असेल.

परीक्षेच्या दिवशी पाच वाजता ती केंद्रातून बाहेर येईल तेव्हा ‘कसा गेला’ विचारू नका. पाण्याची बाटली द्या, गाडीला किक मारा. तिला सांगायचं असेल तर तासगाव येईपर्यंत ती सांगेल.

दाखल्यांची यादी या पत्राबरोबर पाठवतेय. जात पडताळणी लागत असेल तर तिथूनच सुरुवात करा, त्या पडताळणीला सगळ्यात जास्त वेळ लागतो.