चार्ज : शब्द एक की पाच?

प्रश्न असा आला आहे : मोबाईल चार्ज होतो, पोलीस चार्जशीट दाखल करतात, नवा अधिकारी चार्ज घेतो, हॉटेलवाला सर्व्हिस चार्ज लावतो आणि मोर्चावर लाठीचार्ज होतो. हे सगळे ‘चार्ज’ एकच, की उच्चार सारखा असलेले वेगवेगळे शब्द? आणि मराठीत यांना मिळून एक प्रतिशब्द का नाही?

शब्द एकच. शंका घेणं मात्र रास्त, कारण इंग्रजीत दिसायला सारखे पण रक्ताचं नातं नसलेले शब्द आहेत. क्रिकेटची मॅच आणि काडेपेटीतली मॅच यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पहिली जुन्या इंग्रजीतल्या ‘जोडीदार’ या अर्थाच्या शब्दातून आली, दुसरी फ्रेंचमधल्या दिव्याच्या वातीतून. चार्जचं तसं नाही. लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे माल वाहायची गाडी. तिच्यात माल भरणं म्हणजे ‘कार्रिकारे’. ते फ्रेंचमधून इंग्रजीत येताना ‘चार्ज’ झालं. कार, कॅरी, कार्गो ही सगळी त्याच घरातली भावंडं. कॅरिकेचरसुद्धा! व्यक्तीच्या नाकाडोळ्यांवर जरा जास्तच माल चढवला की व्यंगचित्र होतं.

म्हणजे मूळ अर्थ ‘लादणे, भरणे’. एवढं धरून ठेवलं की बाकीचं आपोआप सुटतं. कामाची जबाबदारी लादली की चार्ज, पैशाचा बोजा टाकला की चार्ज, गुन्हा अंगावर घातला की चार्ज. बंदुकीत दारू ठासणं हाही चार्ज. विजेकडे शब्द आला तो याच ‘भरण्या’च्या वाटेने. 1740 च्या दशकात बेंजामिन फ्रँकलिन काचेच्या बरणीत वीज साठवण्याचे प्रयोग करत होता. वीज हा एक प्रवाही पदार्थ आहे, तो बरणीत जास्त भरला की धन आणि कमी झाला की ऋण, अशी त्याची कल्पना. ‘बॅटरी’ हा शब्दही त्याने विजेला लावला, आणि तो आधी तोफांच्या रांगेसाठी वापरात होता. तुटून पडण्याचा, म्हणजे लाठीचार्जमधला अर्थ हत्यार भरण्या-रोखण्यातून आला असावा असं कोशकार मानतात.

आता मराठी. एकच प्रतिशब्द नाही हे खरं, पण म्हणून मराठी अडली आहे असं मला वाटत नाही. उलट गंमत अशी की आपणही बहुतेक ठिकाणी ओझ्याचीच कल्पना वापरली आहे, फक्त ती चार शब्दांत वाटून दिली. अधिकारी चार्ज घेतो तो पदभार, इन-चार्ज मुख्याध्यापक तो प्रभारी, सरचार्ज तो अधिभार, पदार्थविज्ञानातला चार्ज तो विद्युतप्रभार. राज्याच्या अर्थसंकल्पात खर्चाचे ‘दत्तमत’ आणि ‘भारित’ असे दोन भाग असतात. राज्यपालांचं वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार, कर्जावरचं व्याज हे थेट राज्याच्या एकत्रित निधीवर टाकलेले, म्हणून भारित. त्यांवर विधानसभेत चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. इथला ‘भारित’ म्हणजे शब्दशः चार्ज्ड.

आणि सगळ्यात अस्सल उदाहरण सातबाऱ्यावर आहे. सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज घेतलं की इतर हक्काच्या रकान्यात ‘बोजा’ चढतो. इंग्रजी कायद्यात मालमत्तेवरच्या या हक्काला चार्जच म्हणतात. लॅटिनमधली मालगाडी ज्याने कधी ऐकलेली नाही असा शेतकरी तलाठ्याकडे ‘बोजा कमी करून द्या’ म्हणतो, तेव्हा तो त्याच रूपकात बोलत असतो.

‘आरोप’ वरवर वेगळा वाटतो, पण त्याचा धातू ‘रुह्’, म्हणजे चढणे. आरोपणे म्हणजे चढवणे. वृक्षारोपण त्यातलंच. माणसावर गुन्हा चढवला की आरोप.

इथे वर्तमानपत्रं एक घोळ नेहमी घालतात, तो सांगायलाच हवा. चार्जशीट आणि चार्ज फ्रेम होणं या दोन पायऱ्या आहेत. तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात जो अहवाल देतात ते आरोपपत्र. ते ‘दाखल’ होतं. त्यानंतर न्यायालय कागद पाहून, दोन्ही बाजू ऐकून ठरवतं की खटला कोणत्या आरोपांवर चालवायचा, ती आरोपनिश्चिती. तथ्य दिसलं नाही तर त्याच टप्प्यावर आरोपी सुटतो, त्याला डिस्चार्ज म्हणतात, म्हणजे चढवलेलं ओझं उतरवलं. ‘आरोपपत्र निश्चित झाले’ असं छापतात, त्याला काही अर्थ नाही.

उतरवण्यावरून आठवलं : ट्रॅक्टरची बॅटरी आपल्याकडे ‘उतरते’. डिस्चार्जला याहून नेमकं क्रियापद कोण देणार?

वीजबिलात मात्र भार सोडून ‘आकार’ आला आहे : स्थिर आकार, वहन आकार. तो आकारणीचा, रूपाचा नव्हे.

तेव्हा लिहिताना मोबाईल खुशाल चार्ज करा, तिथे प्रतिशब्दाचा हट्ट नको. लाठीचार्जऐवजी ‘लाठीमार’ लिहा. तो लहानही आहे आणि पाठीवर काय झालं ते नीट सांगतो.