एचओपीजीवर अर्धेच अणू का दिसतात?

आधी धीर देतो: तुमचा तुकडा खराब नाही. झेडवायबी प्रतीच्या एचओपीजीवर (थर समांतर बसवलेल्या कृत्रिम ग्राफाइटवर) एसटीएमने (सुईच्या टोकातून वाहणाऱ्या सूक्ष्म प्रवाहाने पृष्ठभाग टिपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने) स्कॅन घेतला, षटकोनी जाळीऐवजी त्रिकोणात मांडलेले ठिपके दिसले, म्हणून माल खोटा आहे का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या पहिल्या स्कॅनमध्येही हेच दिसलं होतं, आणि मी दोन दिवस सुईची टोकं बदलत बसलो होतो.

शेजारच्या दोन ठिपक्यांतलं अंतर मोजा. ०.२४६ नॅनोमीटरच्या आसपास आलं, तर सगळं ठीक आहे. कार्बनच्या दोन लगतच्या अणूंमधलं अंतर ०.१४२ नॅनोमीटर असतं, म्हणजे तुम्हाला एकाआड एक अणू दिसतोय. ग्राफाइटचे थर एकमेकांवर थोडे सरकून बसतात. त्यामुळे वरच्या थरातल्या निम्म्या अणूंच्या बरोबर खाली दुसरा अणू येतो आणि उरलेल्या निम्म्यांच्या खाली षटकोनाची पोकळी. एसटीएम उंची मोजत नाही, इलेक्ट्रॉन कुठे सहज मिळतात ते टिपतं. कमी व्होल्टेजला ते पोकळीवरच्या अणूंपाशी जास्त मिळतात, म्हणून तेच उजळ दिसतात. पूर्ण षटकोन दिसले, तर उलट मला शंका येईल की वरचा थर खालच्यापासून सुटलाय.

'हा एकस्फटिक (सलग एकच स्फटिक) आहे ना?' या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र नाही. हायड्रोकार्बन वायू तापवून जमवलेला कार्बन सुमारे ३००० अंश सेल्सिअसला दाबाखाली ठेवला की थर एकमेकांना समांतर होतात. पण थराच्या प्रतलात प्रत्येक कणाची (छोट्या स्फटिकाची) दिशा वेगळीच राहते. मोझेक स्प्रेड हा आकडा फक्त थरांचा कल किती विखुरलाय ते सांगतो: झेडवायएला ०.४, तुमच्या झेडवायबीला ०.८, झेडवायएचला ३.५ अंश. अणूंची जाळी पाहायला झेडवायबी भरपूर झाली. झेडवायएच घेतलंत तर पायऱ्या (थर जिथे संपतात त्या कडा) जास्त येतील, इतकंच.

पायऱ्यांवरून आठवलं, यावर डीएनए ठेवणार असाल तर फार जपा. कोऱ्या ग्राफाइटवरच्या पायऱ्या आणि कणांच्या सीमा कधीकधी हुबेहूब पीळदार रेणूसारख्या दिसतात. १९९१ मध्ये हे छापूनही आलं. कोऱ्या पृष्ठभागाचे स्कॅन आधी घेऊन ठेवा.

आणि टेप लावून थर काढलात की लगेच स्कॅन करा. हवेतली हायड्रोकार्बनं काही मिनिटांतच वर बसायला लागतात. पुढच्या वेळी चित्रासोबत व्होल्टेज आणि प्रवाहही लिहा, मग नेमकं सांगता येईल.